मागच्या चाकाचे पंधरा दात

मिलनला खुर्चीत स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं पुढं येऊन सांगावं. जेवतानासुद्धा ह्याचा एक पाय टेबलाखाली हलतच असायचा, आणि त्या हलण्यानं शोभनावहिनीच्या वाटीतली आमटी हिंदकळायची. शोभनावहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको, बॉनमध्ये तो त्यांच्याकडंच राहायचा.

"अहो भावजी, आमटीला तरी स्वस्थ बसू द्या," ती म्हणायची.

"हो वहिनी, एवढं संपवतो आणि निघतो," तो जर्मनमध्ये म्हणायचा. मराठी त्याला सगळी कळायची, उत्तर मात्र जर्मनमध्येच. कुठं निघतो हे विचारलं तर सांगता यायचं नाही. सायकल काढायची, ऱ्हाइनच्या काठानं कोब्लेन्झपर्यंत जायचं, तिथं कॉफीसुद्धा न पिता वळायचं आणि परत बॉनला यायचं. सव्वाशे किलोमीटर. आल्यावर जिना चढायचा, खिडकी उघडायची, बंद करायची, परत खाली उतरायचं.

दोन हजार सात सालची ही गोष्ट. ऑगस्टमध्ये त्याची रस्त्यावरची टीम बंद पडली. ज्या कंपनीच्या नावाची जर्सी होती तिनं हात काढून घेतला आणि अठरा पोरं एका सकाळी रिकामी झाली. मिलन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. ह्या धंद्यात अठ्ठावीस म्हणजे तरणाही नाही आणि म्हातारा म्हणून सोडूनही देता येत नाही. हिवाळ्याच्या ट्रॅकच्या शर्यतींसाठी जोडीदार मिळाला तर ठीक, नाही तर सायकल भिंतीला टांगायची आणि कुठंतरी आउसबिल्डुंगला, म्हणजे धंदेशिक्षणाला, नाव घालायचं, सतरा वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून. बसून. नुसता तो शब्द ऐकला तरी तो उठून उभा राहायचा.

आता हा मिलन कोण, ते सांगायला पाहिजे. त्याचे वडील भास्करराव सांगलीचे, इंजिनिअर, जर्मनीच्या पार वरच्या टोकाला फ्लेन्सबुर्गला जहाजांच्या इंजिनांवर काम करायचे. पहिली बायको सांगलीत वारली. तिचा मुलगा नागेश मामाकडं राहिला. मग भास्कररावांनी बिर्गिटशी लग्न केलं. ती डॅनिश, सीमेपलीकडच्या गावची. मिलन तिचा. आईच्या पासपोर्टमुळं तो डेन्मार्कचा खेळाडू, राहायला जर्मनीत, आणि तब्येत बघाल तर थेट सांगलीची. जर्मन लोक त्याला 'तो डॅनिश' म्हणायचे, डॅनिश लोक 'तो जर्मनीवाला' म्हणायचे. सांगलीत मामा अजून विचारतो, "आपला तो शर्यतीतला कसा आहे?" आपला म्हणणारं एकच गाव, आणि तिथं तो उभ्या आयुष्यात दोनदा गेलेला.

नागेश चौदाव्या वर्षी फ्लेन्सबुर्गला आला, मिलन तेव्हा वर्षाचा. नागेशचं शिक्षण म्हणाल तर सांगलीत सातवी धड, आणि इथं हाउप्टशूल, म्हणजे सगळ्यात साधी शाळा, कशीबशी. पण हात विचारा. मामाच्या सायकलच्या दुकानात तो सहाव्या वर्षापासून बसलेला. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला बाकीच्यांना यंत्र लागतं, नागेश तारांवरून बोट फिरवतो आणि आवाजावरून सांगतो कुठली ढिली आहे. बॉनमध्ये त्याचं स्वतःचं दुकान उभं राहिलं ते ह्या बोटांवर. युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर सायकली घेऊन रांगेत उभे राहतात आणि नागेश त्यांना सांगतो, गुरुवारी या.

ह्या नागेशनंच मिलनला सायकलवर बसवलं. आधी डबलसीट, पुढच्या दांड्यावर पंचा गुंडाळून. मग पाच वर्षांच्या पोराला बंदराच्या उतारावरून एकट्याला सोडून दिलं. बिर्गिटमावशी वरून ओरडत होती आणि नागेश खाली हात पसरून उभा होता. पोरगा हातांच्या मधून सरळ पुढं गेला, थांबलाच नाही. तिथून जो निघाला तो निघालाच.

नवव्या वर्षी सीमेपलीकडच्या क्लबात गेला. सोळाव्या वर्षी पोरांच्या गटात पहिला. पुढं काय चालवलं विचारू नका, काय नाही चालवलं ते विचारा. वसंतात बेल्जियममधल्या दगडी रस्त्यांवर वारा अंगावर घेत कप्तानासाठी पाण्याच्या बाटल्या वाहिल्या. उन्हाळ्यात डोंगर. हिवाळ्यात बंदिस्त हॉलमधला लाकडी ट्रॅक. तिथं एकट्यानं घड्याळाशी लढायची शर्यत, गुणांची शर्यत, जोडीची शर्यत, सगळं. एका आठवड्यात गुरुवारी रस्त्यावर घड्याळाची, शनिवारी ट्रॅकवर गुणांची आणि रविवारी एकशे ऐंशी किलोमीटरची, अशा तीन शर्यती त्यानं मारल्या आणि तिन्हीत पहिल्या दहात आला. दोन हजार तीन साली डेन्मार्कच्या राष्ट्रीय स्पर्धेत गुणांच्या शर्यतीत तिसरा. ते पदक नागेशच्या दुकानात कॅश काउंटरच्या मागं टांगलेलं आहे, गिऱ्हाइकानं नाही विचारलं तरी दाखवलं जातं.

पण प्रत्येक प्रशिक्षक तेच बोलायचा. तुला सगळं येतं, त्यातलं एक निवड. मिलनला निवडता यायचं नाही. एकाच गोष्टीत तीन महिने गेले की त्याला कातडी घट्ट झाल्यासारखी वाटायची.

तर ऑक्टोबरमध्ये टॉर्स्टेनचा फोन आला. टॉर्स्टेन म्हणजे कोलोनकडचा, छत्तीस वर्षांचा, जोडीच्या शर्यतीत मुरलेला माणूस. त्याच्या जोडीदाराची पाठ गेली होती आणि सबंध हिवाळ्यासाठी नवा माणूस पाहिजे होता. दोन नावं होती त्याच्यापुढं. एक मिलन, दुसरा कुणी हॉलंडचा पोरगा. शनिवारी दुपारी तीनला तासाभरावरच्या गावातल्या लाकडी ट्रॅकवर मिलनला बघणार, रविवारी हॉलंडच्या पोराला. फोन आला तेव्हा मिलन नेहमीसारखा कोब्लेन्झच्या रस्त्यावर. फोन दुकानात नागेशनं घेतला.

"काय म्हणाला तो?" मिलननं पाच वेळा विचारलं.

"ये म्हणाला. तुझी सगळी माहिती दिली मी."

"सगळी म्हणजे?"

"सगळी रे. तू झोप आता."

झोप कुठली. तीन दिवस मिलन घरात येरझारा घालत होता.

त्यात शनिवारी खंडेनवमी आली. नागेशच्या दुकानात हा दिवस सांगलीत मामाच्या दुकानात व्हायचा तसाच होतो. शुक्रवारी संध्याकाळी सगळी हत्यारं धुवून पुसून, लाल कापडावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं पाने मांडायचे, हवेचा पंप, हातोडी, चाकाचं स्टँड. शनिवारी सकाळी हळदकुंकू, शेवंतीची फुलं, आशियाई दुकानातला नारळ. आणि एकदा हत्यार पूजेला बसलं की दसऱ्याचं पूजन होईस्तोवर त्याला हात लावायचा नाही. मामानं एकदा खंडेनवमीला फौजदाराच्या सायकलचं पंक्चर काढायला नकार दिला होता. फौजदार सायकल ढकलत गेला. नागेश तेव्हा आठ वर्षांचा, तिथंच बसलेला. बॉनमध्ये त्या दिवशी दुकानाच्या दाराला पाटी लागते: आज पाने सुट्टीवर.

मिलनची ट्रॅकची सायकलही पूजेत होती, हँडलला हार घालून. दुपारी बाराला नागेशनं हार उतरवला आणि सायकल गाडीत चढवली. हत्यारांची पेटी मात्र लाल कापडावरच राहिली.

"दादा, पेटी?" मिलन म्हणाला.

"ती बसलीये."

"आणि सायकल? ती पण पूजेतच होती की."

"सायकल लढाईला निघालीये. लढाईला जाणारं शस्त्र उचलायचंच असतं. पाना घरी बसतो."

"हा नियम आत्ता केलास का?"

"गाडीत बस," नागेश म्हणाला.

वहिनीनं दोघांच्या हातावर साखर ठेवली. मिलननं ती तोंडात टाकली आणि गाडीत बसल्यावरही त्याचा पाय हलत होता. आउटोबानवर नागेशनं दोनदा सांगितलं, पायाखालची चटई झिजेल.

हॉल थंड होता. लाकडाचा आणि तेलाचा वास. टॉर्स्टेन आधीच तयार होता, उंच, किडकिडीत, बोलणं मोजकं. सोबत फिरायला त्यानं तिथल्या क्लबाच्या तीन जोड्या बोलावल्या होत्या. मिलन ट्रॅकवर उतरला, पहिलं पायडल मारलं आणि त्याला कळलं.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो आणि गिअर एकच असतो. पुढचं चक्र आणि मागची दातांची चकती, जे लावाल त्यावरच शेवटपर्यंत. मागं दात कमी तेवढं पायडल जड. मिलन जोडीच्या शर्यतीला मागं पंधरा दातांची चकती लावायचा, दहा वर्षं. आज पायाखाली पंधरा नव्हते. पाय जड पडत होता. एक फेरी मारून तो कठड्याशी आला. नागेश तिथं छाती काढून उभा होता.

"दादा, मागं काय लावलंयस?"

"चौदा."

"का?"

"ह्यांचे सगळे मोठे लोक जड चालवतात. तुझ्या मांड्या बघ आणि त्यांच्या बघ. चालवशील तू."

"एकट्यानं चालवायला चौदा ठीक आहे. ही जोडीची शर्यत आहे. पंधरा लाव."

नागेशनं हात पाठीमागं घेतले. "पाने घरी आहेत. आणि इथं कुणी दिला तरी आज मी पान्याला हात लावणार नाही. तुला माहितीये."

मिलनच्या तोंडात जर्मन, डॅनिश आणि मराठी, तिन्ही भाषांतल्या शिव्या एकदम आल्या, म्हणून एकही बाहेर पडली नाही. तेवढ्यात टॉर्स्टेननं शिट्टी मारली. साठ फेऱ्या.

जोडीची शर्यत अशी असते. दोघांपैकी एकजण खाली जोरात शर्यतीत असतो, दुसरा वर, ट्रॅकच्या उंच कडेला, दम खात सावकाश फिरतो. खालचा फिरून त्याला गाठतो, त्याचा हात धरतो आणि चालत्या सायकलवरून त्याला पुढं फेकतो. मग फेकलेला शर्यतीत, फेकणारा वर विश्रांतीला. दर दोन फेऱ्यांना हेच. ज्याला वर सावकाश फिरता येतं त्यालाच खाली जोर करता येतो.

आणि इथंच चौदानं घात केला. वर हळू झालं की जड गिअरवर पुन्हा वेग यायला अर्धी फेरी जायची, तेवढ्यात बाकीच्या जोड्या पुढं. दोनदा तसं झाल्यावर मिलननं वर हळू होणंच सोडलं. कडेनंही तो जोरात फिरत राहिला. त्याचं त्याला जमलं. पण वरचा माणूस जोरात पळतोय म्हटल्यावर खालच्या टॉर्स्टेनला त्याला गाठायला दोनच्या जागी तीन, कधी साडेतीन फेऱ्या लागायला लागल्या. चाळिसाव्या फेरीला टॉर्स्टेनचा चेहरा पांढरा पडला होता. हात धरताना त्याची बोटं मिलनच्या मनगटावरून घसरली.

साठ संपल्या. टॉर्स्टेन कठड्याला धरून पाच मिनिटं वाकून उभा राहिला. मग सरळ झाला.

"मी तुझा जोडीदार आहे का पाठलाग करणारा?" तो म्हणाला. "हे बघ, पाय तुझे उत्तम आहेत. पण लोक म्हणतात ते खरं दिसतंय. तुला वाट बघता येत नाही. जोडीदाराला वाट बघता आली पाहिजे. तू एकट्यानं चालवणारा माणूस आहेस."

मिलननं हेल्मेट काढलं. उत्तर जिभेवर होतं. तीन शब्दांचं काम होतं, भावानं चौदा लावले. पण कठड्यापलीकडं तो भाऊ उभा होता, ज्यानं त्याला दांड्यावर पंचा गुंडाळून फिरवलं, ज्यानं त्याच्या प्रत्येक शर्यतीची पेपरातली बातमी कापून वहीत चिकटवली. परक्या माणसासमोर त्याचं नाव घ्यायला मिलनची जीभ वळेना. आणि शिवाय मनात आलं, असेलही खरं. घरी आमटी हिंदकळते. आपल्याला कुठं वाट बघता येते. गिअर चौदाचा नसता तरी आपण वर असेच पळालो असतो कदाचित. तो वाकून बुटाचा पट्टा सोडायला लागला. एकोणीस वर्षं चालवली सायकल आणि शेवट हा, असल्या थंड हॉलमध्ये, दुपारी चार वाजता.

टॉर्स्टेननं पिशवीची चेन ओढली.

"थांबा," नागेश म्हणाला.

तो कठड्याची फळी ओलांडून आत आला. आता हे लक्षात घ्या, नागेशनं आयुष्यात चूक कबूल केल्याचं कुणाला आठवत नाही. शोभनावहिनीला विचारा. दुकानात गिऱ्हाईक चुकतं, नागेश चुकत नाही.

"तुम्ही फोनवर मला विचारलं होतं तो काय चालवतो," तो टॉर्स्टेनला म्हणाला.

"हो. तुम्ही म्हणालात चौदा."

"तो पंधरा चालवतो. दहा वर्षं पंधरा. मोठेपणा दाखवायला चौदा माझ्या तोंडून गेलं. मग ते खरं करायला काल मी चौदाच लावले. त्याला न सांगता." नागेशनं ट्रॅकच्या वरच्या कडेकडं मान केली. "वर तो पळत होता ते त्याचं नव्हे. माझं होतं."

टॉर्स्टेन मिलनकडं वळला. "तू बोलला का नाहीस?"

मिलन बुटाचा पट्टा पुन्हा आवळायला लागला.

टॉर्स्टेननं घड्याळ बघितलं. "मला पाचला निघायचंय. पंधराची चकती लावा. वीस मिनिटं. मग तीस फेऱ्या."

हॉलचा हाउसमाइस्टर, म्हणजे देखरेख करणारा म्हातारा, खोक्यात जुन्या चकत्या आणि दोन पाने घेऊन आला आणि ते खोकं त्यानं साहजिकच नागेशपुढं धरलं. नागेशनं खोक्याकडं बघितलं. पाठीमागं त्याची बोटं एकमेकांत अडकलेली, मिलनला दिसत होती. ती सुटायला लागली.

"दादा, राहू दे," मिलन म्हणाला, आणि हे मराठीत म्हणाला. "मी लावतो."

"तू?"

मिलननं उभ्या आयुष्यात पंक्चरपलीकडं सायकलला हात लावला नव्हता. लावायची वेळच दादानं येऊ दिली नव्हती.

"तू फक्त सांग."

नागेश गुडघ्यावर बसला, हात पाठीमागंच. "आधी चाक काढ. हां. आता बाहेरची कडी, ती लॉकरिंग. ती उलट्या आट्यांची आहे. उलट्या म्हटलं ना, मिल्या, आवळतोयस तू. दुसरीकडं. जोर लाव, खांद्यातून."

पाना सटकला आणि मिलनच्या बोटाचं सालटं गेलं. नागेशचा खांदा आपोआप पुढं आला आणि परत मागं गेला.

"रक्त पुस. आता साखळीचा पाना, चकतीवर. हिला मात्र सरळ आटे. डावीकडं. गेनाऊ, बरोब्बर. निघाली. खोक्यात पंधराची शोध, दात मोज, आकड्यावर विश्वास ठेवू नकोस."

मिलननं दात मोजले. पंधरा. परत मोजले.

"लावताना घाई नको. आटे धरलेत का ते बोटानं बघ. घाई नको म्हटलं. थांब. श्वास घे. आता फिरव. वरून लॉकरिंग, उलटी, खांद्यातून आवळ."

बाजूला क्लबाची पोरं उभी राहून बघत होती. एक मोठा, पोट सुटलेला माणूस हात पाठीला बांधून जमिनीवर बसलाय आणि न कळणाऱ्या भाषेत हुकूम सोडतोय, आणि राष्ट्रीय पदकवाला माणूस रक्ताच्या बोटानं चकती फिरवतोय. कुणी हसलं नाही. म्हातारा हाउसमाइस्टर टॉर्स्टेनला म्हणाला, "हे काय चाललंय?"

"माहीत नाही," टॉर्स्टेन म्हणाला. "पण आज पहिल्यांदा तो एका जागी बसलाय."

ते खरं होतं. मिलनच्या ध्यानात आलं नव्हतं, पण अठरा मिनिटं त्याचा पाय हलला नव्हता.

चकती मोठी, म्हणून चाक जरा पुढं सरकवायला लागलं. साखळीचा ताण बघायला नागेशला बोट लावायचं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं कान पुढं केला. "फिरव पायडल. अजून. एक नट पाव आटा आवळ. बास."

तीस फेऱ्या. पहिल्याच बदलाला मिलन वर गेला आणि त्यानं वेग सोडला. सोडल्यावर त्याच्या अंगातलं जुनं भूत उठलं, पळ, पळ. पंधरा दात पायाखाली हलके होते, आणि त्याच्या कानात दादाचं घाई नको चालू होतं. तो वर सावकाश फिरत राहिला आणि मान वळवून टॉर्स्टेनची वाट बघायला लागला. टॉर्स्टेन दीड फेरीत आला. हात हातात पडला, घट्ट, आणि मिलन खाली असा गेला की क्लबाच्या तिन्ही जोड्या कडेला सरकल्या. अठराव्या फेरीला त्यांनी सगळ्यांवर एक अख्खी फेरी चढवली. नागेश कठड्याशी काही ओरडत होता, सांगलीत कुस्तीच्या फडाला ओरडतात तसलं.

संपल्यावर टॉर्स्टेनला दम लागला होता, पण तो उभा होता. त्यानं मिलनचं सालटं गेलेलं बोट बघितलं.

"हॉलंडच्या पोराला आजच फोन करून उद्या येऊ नको सांगतो," तो म्हणाला. "मार्चपर्यंत. त्यानंतर बघू. तुझा मेकॅनिक कोण असणार?"

"माझा भाऊ."

टॉर्स्टेननं नागेशकडं बघितलं, अजून पाठीमागंच असलेल्या त्याच्या हातांकडं बघितलं. "आणि हा आजचा प्रकार परत कधी?"

"वर्षातून एकदा," मिलन म्हणाला. "त्या दिवशी माझं मी करतो."

"पुढच्या वर्षी बुधवारी येते," नागेश म्हणाला. पंचांग त्यानं कधीच बघून ठेवलं होतं. "बुधवारी कुणी शर्यत ठेवत नाही."

परतीच्या रस्त्यावर मिलनचा पाय पुन्हा हलायला लागला. नागेशनं चटईचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं पूजन झाल्यावर त्यानं पहिला पाना उचलला तो थेट मिलनच्या मागच्या चाकाकडं नेला, लॉकरिंगवर बसवला आणि आवळायला जोर लावला. रिंग केसभरही हलली नाही. नागेशनं पाना परत जागेवर ठेवला, आणि त्या आठवड्यात दुकानात आलेल्या प्रत्येक प्रोफेसरला त्यानं काम थांबवून सांगितलं की माझ्या भावानं हयातीत पहिल्यांदा लॉकरिंग आवळली आणि ती माझ्यासारखी आवळली.